जीवाणूंनी साफ केलेल्या जागांची यादी सापडली, पण आमच्या डायिंगसारखी केस मिळेना

लडीवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं सुताच्या लडी रंगवायचं छोटं डायिंग होतं, अक्कलकोट रोडच्या बाजूला पण एमआयडीसीत नाही, थोडं बाहेर, आजोबांनी घेतलेली साडेसहा गुंठे जागा. चादर आणि टॉवेलवाल्यांना सूत रंगवून द्यायचो, सगळं जॉबवर्क. बाबांनी बंद करून आता अकरा वर्षं झाली, शेडचे पत्रे गेले, हौद बुजवले, पण मागं जिथं रंगाचं पाणी सोडायचे तो खड्डा तसाच आहे आणि पाऊस पडला की तिथली माती अजून जांभळट दिसते. आमच्याच बोअरचं (१८० फूट) पाणी फिकट गुलाबी येतं. जागा विकायला काढलीय, एकजण मंगल कार्यालयासाठी बघायला आला होता, त्यानं बोअर चालू करायला लावला, बादलीत बघितलं, आणि काही न बोलता गाडीत बसून गेला.

त्यानंतर कुठून तरी वास लागल्यासारखा एक पावडरवाला आला. २५ किलोची गोणी, म्हणे बॅक्टेरिया कल्चर आहे, रंग खातं, तेल खातं, कुठलंही केमिकल खातं, पाण्यात कालवून शिंपडा, तीन महिन्यात जागा क्लीन. मोबाईलवर आधीचे नंतरचे फोटो पण दाखवले. धाकटा भाऊ लगेच दहा गोण्या सांगायला निघाला होता, मी म्हटलं थांब, जगात कुणी हे खरंच केलंय का ते तर बघू.

तर शोधता शोधता अमेरिकेतल्या सरकारी खात्यांनी मिळून ठेवलेली एक यादी सापडली, फेडरल रेमेडिएशन टेक्नॉलॉजीज राउंडटेबल नावाखाली, त्यात कुठल्या जागेवर काय सांडलं होतं, माती की भूजल, कुठली पद्धत वापरली, खर्च किती आला असं शोधता येतं. बायोरेमेडिएशन, म्हणजे जीवाणूंकडून सफाई, निवडलं की पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन, सॉल्व्हंट, अगदी बॉम्बची दारूसुद्धा निघते. पण मी डाय, टेक्स्टाइल, यार्न, सगळं टाकून बघितलं, आमच्यासारखं काही हाताला लागलं नाही. म्हणजे रंगावर हे चालत नाही असं समजायचं का मी चुकीचं शोधतोय? आणि यादीत "पूर्ण" लिहिलंय म्हणजे खरंच पूर्ण का? ज्याला यातलं कळतं त्यानं सांगा प्लीज, भाऊ रोज गोणीचा विषय काढतोय.

पूर्वभाग_एक्सप्रेस

मंगल कार्यालयात गुलाबी पाणी म्हणजे वेलकम ड्रिंकचा खर्च वाचला की बे, त्या माणसाला धंदाच कळत नाही 😂

मायक्रोवाली

दादा, गोणी घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, या याद्या पोरांना प्रोजेक्टसाठी बघायला लावते म्हणून थोडं सांगू शकते.

तुम्ही धंद्याच्या नावानं शोधताय. बॅक्टेरियाला चादर कळत नाही आणि डायिंग पण कळत नाही, त्याला समोर कुठला रेणू आहे तेवढंच कळतं. पेट्रोल डिझेलच्या केसेस ढिगानं असतात कारण एकतर जमिनीखालच्या टाक्या सगळीकडे गळतात आणि दुसरं म्हणजे तेल हे त्यांचं खाणंच आहे, हवा आणि थोडं नायट्रोजन फॉस्फरस मिळालं की ते कामाला लागतात. दक्षिण कॅरोलिनात हनाहन म्हणून गाव आहे, तिथं १९७५ साली लष्कराच्या साठ्यातून विमानाचं इंधन गळलं, जवळजवळ ३ लाख लिटर, घरांखालच्या भूजलापर्यंत गेलं. शेवटी त्यांनी काय केलं, बाहेरून कुठलेही जीवाणू आणले नाहीत, तिथल्याच मातीतले होते त्यांना खत सोडलं, आणि वर्षभरात प्रदूषण ७५ टक्के खाली आलं. अलास्काला १९८९ ला एक्झॉन व्हाल्डेझ जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यावर पण खतच मारलं होतं. म्हणजे कमी होता तो खुराक, जीवाणू तिथं आधीपासून होते. म्हणून गोणीवाल्याला पहिला प्रश्न हा विचारायचा की आमच्या मातीत आधीच काय आहे ते तू तपासलंस का.

आता तुमचा रंग. बहुतेक रंग अ‍ॅझो प्रकारचे असतात, म्हणजे मधोमध दोन नायट्रोजनची जोडी, रंग दिसतो तो मुख्यतः तिच्यामुळं. हवा नसलेल्या जागी जीवाणू ही जोडी तोडतात आणि रंग जातो. पण त्यांनी तो खाल्लेला नसतो हो, फक्त दोन तुकडे केलेले असतात, आणि ते तुकडे म्हणजे अ‍ॅरोमॅटिक अमाइन. बिनरंगाचे. त्यातले काही मूळ रंगापेक्षा वाईट, कॅन्सर करणारे. पुढं ते संपवायला हवा लागते, म्हणजे आधी बिनहवेचं आणि मग हवेचं असं दोन पायऱ्यांचं काम आहे. गोणीवाल्याच्या फोटोत रंग गेलेला दिसेल, अमाइन फोटोत दिसत नाही.

म्हणून यादीत डाय शोधू नका, टीएनटी शोधा, म्हणजे तीच बॉम्बची दारू. हसू नका, खरं सांगते. टीएनटी पण तसाच, बिनहवेत त्याचं अमाइन होतं. ओरेगॉनमध्ये उमाटिला नावाचा लष्करी डेपो आहे, तिथं जुने बॉम्ब धुवून त्यातली दारू काढायचे आणि ते धुवण उघड्या खड्ड्यात सोडायचे, अगदी तुमच्या मागच्या खड्ड्यासारखं. नव्वदच्या दशकात त्यांनी ती माती उकरली, शेण, लाकडाचा भुसा, लसूणघास, बटाट्याचा कचरा असं मिसळून लांब ढीग लावले आणि उलथत राहिले, म्हणजे सरळ कंपोस्ट. टीएनटी मोडला आणि त्याचे अमाइन कंपोस्टच्या ह्युमसला, म्हणजे कुजून झालेल्या काळ्या भागाला, घट्ट चिकटून बसले, सुटून पाण्यात जाईनात. तुमच्या केसला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते हे. फरक एवढाच की सुतावरचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सल्फोनेटेड असतात, म्हणजे पाण्यात विरघळावेत म्हणून त्यांना सल्फोनेट गट जोडलेले असतात, त्यांचे तुकडे पाण्यात विरघळतात आणि तसे चिकटून बसत नाहीत, त्यामुळं डोळे झाकून कॉपी करता येणार नाही.

"पूर्ण" बद्दल: आधी बघायचं कशासाठी पूर्ण. कारखान्याच्या जागेला वेगळी मर्यादा असते, राहायच्या जागेला वेगळी. तुमच्याकडं कार्यालय होणार, पोरं खेळणार, बोअरचं पाणी स्वयंपाकाला जाणार.

लडीवाला_सोलापूर

ताई खूप धन्यवाद, पण तुमचं वाचून आता पोटात गोळा आला, कारण मी एक उद्योग करून बसलोय.

दोन आठवड्यांपूर्वी घरीच ट्रायल घेतली होती. आईच्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या, दोन्हीत खड्ड्यातली माती चार चार मुठी, वरून बोअरचं गुलाबी पाणी, आणि एकीत गुळाचा खडा टाकून झाकण गच्च लावलं, दुसरी तशीच उघडी. सहाव्या दिवशी गुळाच्या बरणीतलं पाणी एकदम नितळ! माती मात्र डांबरासारखी काळी पडली आणि झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा असला वास की बायकोनं मला बरणीसकट गच्चीवर हाकललं. उघडी होती ती तशीच गुलाबी. मी जाम खूश, भावाला म्हटलं बघ, गोणी कशाला, गूळ बास झाला. मग वास जाऊ दे म्हणून ती बरणी दोन दिवस गच्चीवर उघडी ठेवली तर पाणी परत रंगलं, गुलाबी नाही, चहाच्या कोऱ्या पाण्यासारखं तपकिरी. हे काय झालं?

मायक्रोवाली

हेच तर सांगत होते वर, आणि प्रयोग मात्र मस्त केलात, आमच्या एमएस्सीच्या पोरांपेक्षा बरा. गुळानं बरणीतला ऑक्सिजन संपवला, बिनहवेचे जीवाणू उठले, अ‍ॅझो जोडी तुटली. तपकिरी झालं ते अमाइन असणार, काही अमाइन हवेत आले की आपोआप ऑक्सिडाइज होऊन असे तपकिरी होतात. म्हणजे माल बरणीतच होता, फक्त सहाव्या दिवशी तुम्हाला दिसत नव्हता.

सडका वास आणि काळी माती याचं कारण सल्फेट, पण एवढं सल्फेट कुठून आलं ते तुमच्या धंद्यातल्या माणसानं सांगावं.

रिटायर्ड_डायमास्टर

ते मी सांगतो. ग्लॉबर. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुतावर चढवायला मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट लागतं, ग्लॉबर म्हणजे सोडियम सल्फेट, आणि ते चिमूटभर नाही, पोत्यानं. सगळं शेवटी त्याच खड्ड्यात. बिनहवेत त्याचा सल्फाइड होतो, तो मातीतल्या लोखंडाला धरून काळा पडतो. बत्तीस वर्षं हँक डायिंगमध्ये काढली, गटारीला हा वास रोजचा होता, तेव्हा आम्हाला वाटायचं उंदीर मेलाय.

बाळा, पहिला प्रश्न, तुझ्या वडिलांनी डायिंग कधी सुरू केलं? कारण आपल्या देशात १९९७ ला घातक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी आली. त्याच्या आधी जर्मनीनं केली होती, मग टॉवेल एक्सपोर्टवाले सर्टिफिकेट मागायला लागले तेव्हा आमच्या इथं "अ‍ॅझो फ्री" हा शब्द चहावाल्याला पण पाठ झाला. त्याआधीच्या काळात बेंझिडीनवाले डायरेक्ट रंग सर्रास असायचे, बेंझिडीन म्हणजे ताई म्हणतात तसलंच कॅन्सर करणारं अमाइन. खड्डा ९७ च्या आधीचा असेल तर गोष्ट वेगळी आणि नंतरचा असेल तर वेगळी. जुनी रंगाची बिलं, शेड कार्ड, मास्टरची रेसिपी वही, काय असेल ते शोध. कपाटाच्या वर बघ, लोक तिथंच टाकतात.

दुसरं, पाऊस पडल्यावर माती जांभळट दिसते म्हणतोस, ते व्हॅटचं पण असू शकेल. व्हॅट रंग हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) मारून विरघळवतात आणि हवा लागली की परत अविद्राव्य होऊन बसतात, मग ते पाण्यात जात नाहीत, मातीत तसेच पडून राहतात. ते डोळ्याला टोचतात पण बोअरमध्ये पोचणारे ते नव्हेत. आणि टर्क्वाईज वापरला असेल तर त्यात तांबं असतं. तांबं कुठला जीवाणू खाणार? तसंच मीठ. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घे, रंग उद्या जादूनं गेला तरी ते खारं पाणी खारंच राहणार आहे.

बोअरगाडी_मालक

मला केमिकलचं काही कळत नाही पण जमिनीचं कळतं, रोज भोकं पाडतो. ताईंनी ते अमेरिकेतलं सांगितलं, तिथं बहुतेक वाळू असणार, पाणी आणि खत सोडलं की सगळीकडं सारखं झिरपत असणार. इथं काय आहे, वर दोन चार फूट काळी माती, ओली झाली की चिकटून बसते, हवा आत जात नाही, आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत आख्खा हात जातो. खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी फक्त फटीतून पळतं. माझ्या हातचे दोन बोअर आहेत, मध्ये चाळीस फूट अंतर, एकाला दोन इंची पाणी आणि दुसऱ्याला नुसता धुरळा. तुमच्या खड्ड्यातलं पाणी कुठल्या फटीत गेलंय आणि कुणाच्या बोअरला निघणारय हे वर उभं राहून सांगता येत नाही. शेजाऱ्यांचं पाणी बघितलं का?

आणि कुणी सांगितलं तरी बोअरमध्ये गूळबीळ ओतू नका हं.

मायक्रोवाली

मालक, हनाहनची माती खरंच वाळूची होती, एकदम बरोबर पकडलंत! यादी वाचताना लोक हेच सोडतात, रसायन जुळलं की खूश होतात, माती बघतच नाहीत. आणि गुळाचं पण बरोबर, खाली बिनहवेचं झालं की खडकातलं लोह मँगनीज सुटून पाण्यात येतं, गुलाबी जाऊन तांबडं पाणी मिळेल आणि वास फुकट.

नुसता_वाचक

सॉरी पण मला हे सगळं मार्केटिंग वाटतं. अशा याद्यांमध्ये कोण स्वतःचं फेल गेलेलं टाकतो? आमच्या गॅरेजकडं पण एकजण आला होता, तेल खाणारा पेटंटेड बॅक्टेरिया, भारतीय शास्त्रज्ञानं शोधलाय, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं मान्य केलाय वगैरे. सगळं फेकाफेकी.

मायक्रोवाली

निम्मं खरं आहे हो त्याचं. आनंद मोहन चक्रवर्ती, मूळचे बंगालचे, जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी तेल मोडणारा स्युडोमोनास जातीचा जीवाणू तयार केला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं जिवंत जीवाणूवर पेटंट देता येतं असं ठरवलं. पण निकाल पेटंट देता येतं का एवढ्यापुरता होता, जागा साफ होते का याचा कोर्टानं काही निकाल दिला नाही, आणि तो जीवाणू उघड्यावर कधी वापरलाच गेला नाही. तेलासाठी आपल्याकडं खरंच वापरात असलेलं म्हणाल तर टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर हे जीवाणूंचं मिश्रण आहे, रिफायनरीच्या तेलकट गाळावर चालतं. तेलावर. त्याचं उदाहरण देऊन रंगाची गोणी खपवायची हे चूक.

फेल गेलेलं कोणी टाकत नाही हे मात्र पूर्ण खरं नाही. सॉल्व्हंटच्या केसेस नीट वाचा. टीसीई म्हणून एक आहे, मशीनचे पार्ट धुवायला वापरायचे, जीवाणू त्यातला एकेक क्लोरीन काढत नेतात आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन होतं. पण योग्य जातीचा जीवाणू, डिहॅलोकॉकॉइडिस, तिथं नसला तर गाडी मध्येच विनाइल क्लोराइडवर अडकते आणि ते टीसीईपेक्षा घातक. अशा अडकलेल्या जागांची नोंद आहे, त्यातूनच लोक बाहेरून कल्चर सोडायला शिकले, म्हणजे गोणीला विरोध नाही माझा, तिथं कल्चर लागतंच. मिनेसोटात बेमिजीजवळ १९७९ ला पाइपलाइन फुटली होती, तिथलं तेल तर मुद्दाम निसर्गावर सोडून अजून मोजत बसलेत, आणि इतक्या वर्षांनी खाली तेल शिल्लक आहे. तीन महिने म्हणणाऱ्याला हे सांगा.

नुसता_वाचक

ओके, विनाइल क्लोराइडचं माहीत नव्हतं. तरी आपल्या इथली अशी यादी कुठाय? सोलापुरात शोधायचं तर काय, गुलाबी बोअर मोजत फिरायचं?

मायक्रोवाली

प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम आपल्याकडं जुलै २०२५ मध्ये आले. तोवर देशभरात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालेल्या फक्त ७. आता तुम्हीच बघा साडेसहा गुंठ्याचा नंबर कधी लागेल. म्हणून म्हणते दादा, स्वतःचं स्वतः मोजा: खड्ड्यातली माती तीन खोलींवरून, बोअरचं पाणी, आणि शेजारचे दोन बोअर. लॅबला नुसतं "वॉटर टेस्टिंग" सांगू नका, ते पिण्याच्या पाण्याचं पॅकेज लावून मोकळे होतात. अ‍ॅरोमॅटिक अमाइन, तांबं, क्रोमियम, टीडीएस, सल्फेट असं लिहूनच द्या. अमाइन प्रत्येक लॅब करत नाही, आधी फोन करा.

लडीवाला_सोलापूर

अपडेट. काका, कपाटाच्या वरच होतं! रेसिपी वही आणि बिलांचा गठ्ठा, उंदरांनी कडेनं कुरतडलाय पण वाचता येतंय. सगळ्यात जुनं बिल १९९१ चं. म्हणजे सहा वर्षं बंदीच्या आधीची. बाबांना विचारलं तर म्हणाले तेव्हा लाल रंग लई चालायचा, डायरेक्टचा, स्वस्त पडायचा, नंतर रिअ‍ॅक्टिव्हवर गेलो. आणि टर्क्वाईज पण आहे वहीत, हिरव्या टॉवेलसाठी.

शेजारी एकाच बोअरला पाणी आहे, ते साफ दिसतंय पण ताईंचं वाचल्यापासून साफ दिसण्यावरचा विश्वास उडालाय, त्याचा पण सॅम्पल घेतोय. त्या माणसाला स्वतः जाऊन सांगितलं की रिपोर्ट येईपर्यंत प्यायला घेऊ नका, त्यानं आधी तोंड वाकडं केलं मग चहा पाजला. त्याच पाण्याचा होता का ते विचारायचं धाडस झालं नाही.

भावाला गोणीचं नाव काढलंस तर बघ म्हणून सांगितलंय. पुण्याच्या एका लॅबनं अमाइन करतो म्हटलंय, बाटली काचेची, गडद रंगाची आणि बर्फात ठेवून पाठवा म्हणाले, उद्या रात्रीच्या बसनं देतोय.

रिटायर्ड_डायमास्टर

१९९१ आणि डायरेक्ट लाल. हं. मग खड्ड्याजवळ पोरंटोरं जाऊ देऊ नको, आणि उकरताना हातमोजे घाल, आम्ही कधी घातले नाहीत ते सोड. रेसिपी वहीच्या त्या पानांचे फोटो पण लॅबला पाठव, काय शोधायचं ते त्यांना कळेल.

आणि त्या दोन्ही बरण्या परत लोणच्याला घेऊ नकोस.

लडीवाला_सोलापूर

काका, आईनं उघडी असलेली काल घासून उन्हात वाळत घातलीय 😬

रिटायर्ड_डायमास्टर

फेक बे ती. आईला नवीन घेऊन दे, दोन.